उघडं दार

रविवारी दुपारी जेवणं झाली की माझी मुलगी मृण्मयी टीव्हीला गेम जोडते आणि म्हणते, "बाबा, नुसता शेजारी बस." तिला हॉरर गेम आवडतात, पण एकटीने खेळवत नाहीत. मी पेपर घेऊन बसतो.

मागच्या गेममध्ये राक्षस होते, बंदुका होत्या. त्यात ती रमली, पण घाबरली नाही. गोळ्या वाचवण्याच्या नादात भ्यायला तिला सवडच नव्हती. आजच्या गेममध्ये कुणी अंगावर येत नाही. एका घरातून फिरायचं आणि तिथली माणसं कुठे गेली ते शोधायचं, एवढंच. टेबलावर अर्धा कप चहा, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. आणि मृण्मयीचा अंगठा कंट्रोलरवर थबकलेला.

प्रत्येक खोलीतून निघताना ती दार ओढून घेत होती.

"दार लावलं की पॉइंट मिळतात का?" मी विचारलं.

"नाही रे. उघडं टाकून जाववत नाही."

समोर काही आलं की माणूस हातपाय हलवतो, आणि त्यातच निम्मी भीती सरते. काहीच येत नाही तेव्हा नुसतं बघत राहावं लागतं, आणि बघता बघता ते परकं घर ओळखीचं वाटायला लागतं.

या घरात आम्ही दोघंच. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी बंगळूरला जाईल.

गेम थांबवून ती चहा ठेवायला उठली. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "मृण्मयी, बंगळूरला जाताना तुझ्या खोलीचं दार मात्र उघडंच टाकून जा."