उजव्या डोळ्याचं आभाळ

बाजारामागच्या गल्लीत त्याचा फोटोचा स्टुडिओ होता, पण गल्लीत त्याला फोटोवाला कुणी म्हणत नसे. म्हणायचे आभाळवाला. पासपोर्टचे फोटो तो काढायचा ते पोटासाठी. जीव सगळा डोंगरात, तळ्यात आणि त्यांच्यावरच्या आभाळात. घराघरांतल्या कॅलेंडरांवर त्याची आभाळं लटकलेली असायची: केशरी, जांभळी, मधासारखी.

ही आभाळं उगवायची एका चौकोनी काचेतून. वरच्या काठाला रंग गडद, मधोमध येता येता विरलेला, खाली काच नितळ. कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या खाचेत ती सरकवायची, रंग आभाळावर बसवायचा, जमीन मोकळी सोडायची. जरा खाली घसरली की डोंगराच्या डोक्यावर तपकिरी टोपी चढलीच. ते मात्र तो केसभरही चुकू देत नसे.

गंमत अशी, की रंग त्याला कळायचेच नाहीत. जन्मापासून. लाल, हिरवा, तपकिरी त्याच्या लेखी एकाच घरचे सख्खे भाऊ. नव्या संसारात त्याने एकदा भलतीच काच लावून संध्याकाळ काढली आणि फोटो बघून बायको हसून हसून लोळली. तेव्हापासून काच निवडायची तिने, बसवायची याने. प्रत्येक काचेला तिने कापडी पिशवी शिवली आणि चाचपून ओळखता यावी म्हणून वेगळ्या आकाराचं बटण लावलं. डोंगरावर ती नुसतं म्हणायची, चौकोनी काढा. हा काढायचा.

अलीकडे मात्र आभाळं निळी पडायला लागली. ती म्हणायची फिकं वाटतंय, अजून निळं पाहिजे. हा एकीवर दुसरी निळी काच चढवायचा. निळं त्याला थोडंफार उमगायचं, पण रंगाच्या बाबतीत तिच्यावर शंका घ्यायची त्याची टाप नव्हती. शेवटी कॅलेंडर छापणाऱ्याने निरोप धाडला, तुमच्या तळ्यावर शाईची दौत कुणी उपडी केली? तेव्हा कुठे दोघं डॉक्टरांकडे गेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जग तिला पिवळट दिसत होतं आणि त्यात निळं ओतून ओतून ती ते जाग्यावर आणत होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी ती मागच्या गॅलरीत उभी राहिली ती हलेचना. एक डोळा झाकायची, मग दुसरा. डाव्या डोळ्याला आभाळ धुऊन, नीळ देऊन वाळत घातल्यासारखं. उजव्याला तेच आभाळ मुरलेलं, उबदार. तळ्यापलीकडच्या टेकड्या डाव्याला कात्रीने कापून चिकटवलेल्या, तर उजव्याला अजून पांघरुणात असल्यासारख्या.

"हा डोळा राहू दे असाच," ती म्हणाली.

आभाळवाल्याला ते पटेना. त्याच डोळ्यापायी ती स्टुडिओच्या पायरीवरून कोलमडली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की मोतीबिंदू जास्त पिकू दिला तर ऑपरेशन जड जाईल. लेकीने फोनवरून रागावून पाहिलं, याने गोड बोलून पाहिलं. ती ढिम्म. तिचं म्हणणं एवढंच, की ज्या आभाळाखाली इतके दिवस काढले ते पुसून टाकायचं, आणि वर मीच आडवं पडून पुसू द्यायचं, हे काही मला जमायचं नाही.

दिवसभर तो पिशव्यांतून एकेक काच काढून पुसत राहिला. जेवताना म्हणाला, "मी त्याचा फोटो काढला तर?"

"कशाचा?"

"तुझ्या उजव्या डोळ्याच्या आभाळाचा. मग तू ऑपरेशनला चल."

"अहो, तुम्हाला रंग तरी कळतो का?"

"तुला कळतो ना. ताडून बघायला एक जुना डोळा आहे, एक नवा आहे. पुन्हा असा योग यायचा नाही."

तिने हातातला घास संपवला. मग हो म्हणाली.

उजाडता उजाडता दोघं तळ्याकाठच्या उतारावर पोचली. पाण्यावरून धुकं सरकत होतं, जणू तळं झोपेत कूस बदलत होतं. तो एकेक काच तिच्या डाव्या डोळ्यापुढे धरायचा. ती उजव्याने उघडं आभाळ बघायची, मग डाव्याने काचेतून. गोल बटणाची फार तांबूस निघाली. चौकोनी जवळ आली. तिच्यावर लांबट चढवली तेव्हा ती डोळे फिरवायची थांबली. जमलं म्हणाली.

लगेच कपाळाला आठी. "पण पाणी गार पडलंय. माझ्या डोळ्यात पाणीही आभाळासारखंच आहे."

आभाळवाल्याने डोकं खाजवलं. जन्मभर त्याने जमीन मोकळी सोडलेली. मग त्याने आणखी एक काच उलटी करून खालून सरकवली, गडद बाजू पाण्याकडे. दोन्हीकडचा रंग विरत विरत टेकड्यांपाशी आला आणि मधे बारीकसा पट्टा कोराच राहिला. काचा पुढेमागे करून पाहिल्या. एकमेकींवर चढवल्या की तिथे काळपट पट्टी उमटायची. ते तर अजून वाईट.

तिने कॅमेऱ्यातून पाहिलं. राहू दे म्हणाली, तिथून उजाडतंय असं समजू.

लेन्सचं तोंड त्याने मोठंच ठेवलं. ते बारीक केलं की फोटो धारदार येतो, पण काचेची विरलेली कडही रेघेसारखी उठून दिसते. टेकड्या पुसट येतील याची त्याला फिकीर नव्हती. पुसटच हव्या होत्या. धुकं काठाला लागेपर्यंत तो थांबला आणि खटका दाबला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं. पट्टी निघाल्यावर लॅबमधून आणलेला मोठा फोटो त्याने गॅलरीत तिच्या हातात दिला आणि निकाल लागायचा असल्यासारखा कठड्याला टेकून उभा राहिला. ती बराच वेळ बघत होती. जवळ धरून, लांब धरून, उन्हाकडे तिरपा करून.

"जमलंय का?" त्याने विचारलं.

"काय सांगू? ताडून बघायचा तो डोळाच गेला की." तिने फोटो त्याच्याकडे फिरवला. "तुम्हीच सांगा. होतं ना असंच?"

रंगाचं तिने त्याला आजवर कधी विचारलं नव्हतं. त्याने चष्मा पुसला, वाकून फोटोत पाहिलं. धुकं, पाणी, मधला कोरा पट्टा. बाकीचं काय रंगाचं होतं, देव जाणे.

"असंच होतं," तो म्हणाला.

"मग असेल," म्हणत ती खिळा कुठे ठोकायचा ते बघायला आत गेली.