शिट्टीबाई आणि न ऐकणारा कुत्रा

जनावरांच्या बाजारात मी एकतीस वर्षं फाटकं उघडली आणि लावली. सांगायला काम सोपं. दिवसाला चारशे वेळा केलं की खांदा सांगतो किती सोपं ते. एवढ्या वर्षांत काम करणारी माणसं मोजकीच पाहिली. कामात असल्यासारखी दिसणारी पुष्कळ. मोजक्यांत शिट्टीबाई पहिल्या.

बाईंचं काम मेंढ्या हलवायचं. ट्रकमधून उतरलेला कळप कप्प्यात घ्यायचा, कप्प्यातून अरुंद बोळात, बोळातून वजनकाट्यावर. हाताशी तीन कुत्रे आणि दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी. लांब शिट्टी म्हणजे डावीकडे, दोन आखूड म्हणजे उजवीकडे. खाली घसरत जाणारी म्हणजे बस. ती घसरणारी वाजली की हजेरीचा कारकूनही खुर्चीत टेकतो, असं आम्ही म्हणायचो.

कुत्रे त्यांच्या घरचेच. स्वयंपाकघरात चुलीमागे एक लाकडी खोकं कायम असे. वेत तिथेच व्हायचं. शहरातले विक्रेते रंग बघून, केस बघून जोड्या लावतात. कागदपत्रांसकट विकतात. तसा एक रुबाबदार कुत्रा एकदा बाजारात आला होता. पहिली मेंढी दिसली आणि तो मालकाच्या गाडीखाली शिरला. बाई म्हणाल्या, "याला मेंढ्या कशाला दाखवता? आरसा दाखवा."

आम्ही हसलो. पण बाईंचीही एक चाळणी होती. ऐकणारं पिल्लू ठेवायचं, न ऐकणारं देऊन टाकायचं. अशा चार पिढ्या त्यांनी काढल्या. कुत्रे इतके ऐकणारे झाले की शिट्टी संपायच्या आत वळायचे. लोक मुद्दाम बघायला येत. मीही फाटकाला टेकून बघायचो, आणि मी उगाच टेकणारा माणूस नाही.

त्या न ऐकणाऱ्यांपैकी शेवटचं पिल्लू म्हणजे अडेल. वर्षाचा झाला होता. एका सकाळी बाईंनी डावीकडची शिट्टी दिली आणि हा सरळ उजवीकडे पळाला. पुन्हा शिट्टी दिली. पुन्हा उजवीकडे. संध्याकाळी त्याची दोरी बाईंच्या दिराच्या हातात होती. दिराचं टायरचं दुकान. महिन्याभरानं तो भेटला तेव्हा म्हणाला, "वहिनी, कुत्रा भारी दिलात. गिऱ्हाईक रांगेबाहेर आलं की आत ढकलतो. मलाच दोनदा दुकानातून हाकलत जेवायला घरी नेलं."

याला सात वर्षं झाली. मग एक दिवस एका एडक्यानं फाटकाला धडक दिली आणि लोखंडी दांडा बाईंच्या हनुवटीवर बसला. पुढचे दोन दात गेले, जबडा मोडला. डॉक्टरांनी जबडा तारांनी बांधला. सहा आठवडे. बोलणं बंद, शिट्टी बंद.

नवव्या दिवशी बाई कामावर हजर. खांद्याच्या पिशवीत नळीनं प्यायचं पातळ अन्न. मी फाटक उघडलं, दोनशे मेंढ्या आत आल्या. तिन्ही कुत्रे आपापल्या जागी पोचले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत बसले. बाईंनी हात केला. मध्ये धूळ, मेंढ्यांच्या पाठी, हात कुणाला दिसणार? कारकुनानं धावत जाऊन पत्र्याची शिट्टी आणली. तिला एकच सूर. कुत्र्यांनी ढुंकून पाहिलं नाही. तोवर कळप बोळाच्या तोंडाशी एकावर एक चढला. आम्ही हातानं ओढून मोकळा केला तेव्हा दोन मेंढ्या खाली मेलेल्या होत्या. तिन्ही कुत्रे अजून कान उभे करून बसलेले. शिस्तीत.

मुकादम आला. वाईट माणूस नव्हता. "बाई, मोठा बाजार चार आठवड्यांवर आलाय. चार हजार मेंढ्या येणार. हे जमणार नसेल तर मी कळप हाकायला मोटरसायकलवाले बोलावतो. आणि एकदा आले की ते जायचे नाहीत. आधीच सांगतो."

तो गेल्यावर मी म्हणालो, "कुत्र्यांना आज झालं तरी काय?"

मेंढ्यांचा आकडा लिहायच्या फळ्यावर बाईंनी खडूनं लिहिलं: "त्यांची चूक नाही. मी त्यांचं डोकं काढून माझं बसवलं."

सात वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मग मला ठेवता आली नाही. अडेल ज्या दिवशी उजवीकडे पळाला, त्या दिवशी उजव्या फाटकाची कडी मी लावायला विसरलो होतो. मेंढ्या तिथून निसटायला लागल्या होत्या. बाईंना ते दिसत नव्हतं, कुत्र्याला दिसलं. तो जाऊन फटीत उभा राहिला. मी गुपचूप कडी लावली आणि गप्प बसलो.

बाईंनी फळा पुसला. लिहिलं: "कडी तुम्ही विसरलात. कुत्रा मी काढला."

दुपारीच आम्ही टायरच्या दुकानात गेलो. अडेलचं तोंड पांढरं झालं होतं. दीर म्हणाला, "न्या, पण परत द्या. नाहीतर मला जेवायला कोण नेणार?"

पहिल्या दिवशी अडेलनं दहा मेंढ्या दहा दिशांना उधळल्या आणि एकीचा पाय धरला. सात वर्षं टायर राखलेला कुत्रा, दुसरं काय करणार? बाईंनी त्याला कोपऱ्यात बांधलं, मेंढ्या पुन्हा गोळा केल्या, पुन्हा सोडला. रोज बाजार उघडायच्या आत तासभर हेच. दहाच्या चाळीस झाल्या, चाळीसच्या शंभर. सराव कुत्र्याचा आहे असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं, कुत्र्याला आठवड्यात आठवलं. सराव बाईंचा चालला होता. मेंढी जरा हलली की त्यांचा हात आपोआप वर जायचा आणि अडेल काम सोडून हाताकडे बघायचा. त्यांनी हात खिशात घालायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी खिसा फाटला. माझ्या मते अख्ख्या बाजारात तेव्हा त्याहून जड काम कुणी करत नव्हतं. तीस वर्षं हुकूम देणाऱ्या माणसानं गप्प उभं राहायचं.

मोठ्या बाजाराच्या दिवशी जबड्याच्या तारा तशाच होत्या. सकाळी हजारभर मेंढ्या नीट गेल्या. मग एक बुजरा कळप उतरला आणि बोळाच्या तोंडाशी पुन्हा तसाच चढायला लागला. मुकादम कठड्यावर उभा. अडेल मागे होता. मागून रेटलं असतं तर दहा मेल्या असत्या. बाईंचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले. मी म्हणालो, "बाई." त्यांनी हात परत आत घातले.

अडेल दोन पावलं मागे सरला. उडी मारून मेंढ्यांच्या पाठींवर चढला आणि पाठीवरून पाठीवर पाय टाकत थेट पुढे गेला. बोळाच्या तोंडाशी खाली उतरला, पुढच्या दोघींना नाकानं मागे सारलं, वाट मोकळी केली. मग बाजूला होऊन भिंतीला चिकटला. कळप एकेक करून काट्यावर गेला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आजीला येत होतं, असं बाईंनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी आकडा भरला. एकही मेंढी मेली नव्हती. मुकादम जाताना एवढंच म्हणाला, "मोटरसायकलवाल्यांना नाही म्हणून कळवतो."

पुढे बाईंना नवे दात बसले, शिट्टी परत आली. कुत्र्यांना जेवायला बोलावताना वाजवायच्या, आणि कळप डोळ्याआड असेल तेव्हा. बाईंच्या कुत्रीला अडेलपासून त्याच खोक्यात वेत झालं. पाच पिल्लं. बाई रोज हाका मारत. चार पिल्लं धावत यायची. पाचवं दारातल्या कोंबड्यांवरची नजर काढायचं नाही. ते त्यांनी ठेवलं. अडेल परत टायरच्या दुकानात गेला, कबूल केल्याप्रमाणे.

कडीबद्दल त्या मला पुन्हा कधी बोलल्या नाहीत. फक्त माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, मी उजवं फाटक लावलं की त्या जवळ येत आणि कडी एकदा हातानं ओढून बघत.