कडुलिंबाखाली बंद पडणारी गाडी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व कुठलं, दीर्घ कुठलं ते मला कधीच कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लेकीच्या वहीत मागं कोरी पानं राहिली होती, त्यावर लिहिते आणि वही पिठाच्या डब्यामागं ठेवते. चुकून कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्या. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून हे इथं लिहिते.

आमच्याकडं एक जुनी मोपेड आहे. माझ्या मालकांनी, लेकीच्या वडलांनी, ती देवगाव फाट्यावरच्या मिस्तरीकडून घेतली. मिस्तरी म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा, त्याच्याकडंच ती विकायला उभी होती. बारा हजाराला ठरली. सहा हजार तेव्हाच दिले, सहा राहिले. गाडी घ्यायचं कारण माझ्या भाकरी. सेलूत कापसाच्या जिनिंगजवळ एक खानावळ आहे, तिथं मी ज्वारीच्या भाकरी देते. पहाटे चुलीपुढं बसते ते उजाडून ऊन अंगणात येईपर्यंत. साठ भाकरी जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून टोपल्यात ठेवायच्या आणि अकराच्या आत पोचवायच्या. मालक गाडीवर नेऊन द्यायचे. मलाही त्यांनीच खळ्यावर गाडी शिकवली. मी पडले की हसायचे, पण आधी गाडी उचलायचे आणि मग मला.

पेट्रोल ते पन्नासचंच टाकायचे. टाकीत किती आहे ते झाकण उघडून बघत नसत. बोटाच्या पेरानं टाकीवर दोनदा वाजवायचे, टक टक, आणि कान लावायचे. "सेलूपुरतं हाय," म्हणायचे. ते कधी चुकलं नाही.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा हजार रुपये होते. आदल्या दिवशी दोन बोकड विकले होते. नोटांची गुंडाळी करून तिला रबर लावलं होतं. निघताना म्हणाले, "आज मिस्तरीचे देऊनच पुढं जातो. आता गाडी आपली." पंपावर त्यांनी पहिल्यांदाच टाकी फुल केली. पंपापासून थोडं पुढं रस्त्याला एक मोठा कडुलिंब आहे. तिथं त्यांनी गाडी स्टँडवर लावली, टोपलं उतरवून सावलीत ठेवलं आणि बुंध्याला टेकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, माणूस दम खातोय. कुणीतरी पाणी घेऊन गेलं तोवर ते गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर. ज्यांनी त्यांना घरी आणलं त्यांनी टोपलंही आणलं. भाकरी धडप्यात अजून गरम होत्या.

शर्टासोबत गुंडाळीही माझ्याकडं आली. ते पैसे कुणाचे आहेत ते मला माहीत होतं. तेराव्याला मी ते घातले. कुणी विचारलं नाही पैसे कुठून आणले, मी सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मी स्वतः भाकरी घेऊन निघू लागले. फाट्यावर मिस्तरीचं दुकान अगदी रस्त्याला आहे. ते आलं की मी पदर दातात धरायचे, तोंड दुसरीकडं करायचे आणि एखाद्या ट्रकाच्या आडोशानं पुढं निघून जायचे. रोज एवढाच एक घोर असायचा.

मग दसरा आला. मला गाडीची पूजा करायला चालत नव्हतं, म्हणून मोठ्या जाऊबाईंनी केली. हँडलला झेंडूची माळ घातली आणि टाकीच्या झाकणावर ओल्या हळदी-कुंकवाचं बोट दाबलं. त्यानंतर दोन दिवसांनी पंपावर मी टाकी फुल करायला सांगितली. रोज पुरुषांच्या रांगेत उभं राहून पन्नासचं मागायची मला लाज वाटायची. आठ दिवसांतून एकदाच उभं राहिलेलं बरं, असा माझा हिशेब. गाडी पंपावरून निघाली आणि कडुलिंबाजवळ येऊन बंद पडली.

त्यांनी शिकवलेलं सगळं मी केलं. पेट्रोलचा कॉक बंद करून चालू केला. चोक ओढला. प्लग काढून पुसला, ठिणगी बघितली, ती चांगली निळी होती. स्टँडवर लावून पायडल मारमार मारलं. शेवटी पेट्रोलची नळी उपसली. टाकी तुडुंब भरलेली, आणि नळीतून दोन थेंब आले आणि थांबले. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखे.

मी हात पुसत उभी होते, तेव्हा टाकीतून आवाज आला. टक. मग थोडं थांबून परत, टक.

भर उन्हाची वेळ होती, रस्त्यावर एसटी जात होती, पलीकडच्या रानात बाया कापूस वेचत होत्या. तरी मी दोन पावलं मागं सरकले. मी टाकीकडं बघितलंच नाही. जमिनीकडं बघत बसून राहिले. अर्ध्या तासानं पायडल मारलं तर गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली.

पुढं तेच होत गेलं. पन्नासचं पेट्रोल टाकलं की गाडी सेलूला जाऊन परत यायची. टाकी फुल केली की कडुलिंबाजवळ बंद, दहा पावलं अलीकडं नाहीतर दहा पावलं पलीकडं. जाऊबाईंना मी हळूच सांगितलं. त्या भांडी घासायच्या थांबल्या.

"भावजी बसलेत तिथं," त्या म्हणाल्या. "काहीतरी मागायलेत. काय राहिलंय त्यांचं?"

"काही न्हाई."

"न्हाई कसं? उगंच कुणी रस्ता अडवीत न्हाई." मग मला रडू येतंय असं बघून म्हणाल्या, "अगं, भाकरी घेऊन गेले ना ते. सोबत तोंडी लावायला कोरड्यास दिलं नसंल तू. तेच मागत असतेल."

मी हसले. पण काय राहिलंय ते मला माहीत होतं.

माझा कुंकवाचा करंडा पेटीत तसाच होता. मला तो आता लागत नव्हता आणि टाकवतही नव्हता. टाकी फुल करायच्या दिवशी सकाळी, कुणी उठायच्या आत, मी त्यातलं कुंकू पाण्यात कालवून टाकीच्या झाकणाला लावू लागले. झाकणाच्या मधोमध एक बारीक खळगा आहे. बोट बरोबर तिथंच बसायचं. मी ते दाबून धरायचे आणि मनात म्हणायचे, थोडं थांबा, देते, पण मला जाऊ द्या. कडुलिंबाखाली एक भाकरीही ठेवायचे.

जितकं कुंकू लावलं तितका त्रास वाढला. अर्ध्या तासाचा पाऊण झाला, पाऊणचा एक. खानावळवाले म्हणाले, "ताई, तुमाला बारा वाजणार असतील तर तसं सांगा. माणसं उपाशी बसायलीत, मी भात लावत जाईन." भाकरी गेल्या असत्या तर घरात दुसरं काही नव्हतं.

जाऊबाई म्हणायच्या, मग फुल करूच नको. त्यांचं बरोबर होतं. लाजेचं कारण मी त्यांना सांगितलं, पण ते पुरतं खरं नव्हतं. आठ दिवसांतून एकदा मी त्या झाडाखाली बसायचे, टाकी टक करायची, आणि तेवढा वेळ मी एकटी नसायचे. मला भीती वाटायची आणि तरीही मी टाकी फुल करायला सांगायचे. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

एक दिवस मी तशीच बसले होते. तास होऊन गेला होता. फाट्याकडून एक मोटारसायकल आली, पुढं गेली, आणि वळून परत आली. तो मिस्तरी होता. मी उठून झाडाकडं तोंड केलं.

"काय झालं वहिनी?"

"काही न्हाई."

"काही न्हाई तर काहून उभ्या ऱ्हायलात झाडाला तोंड करून?"

 त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. नळी उपसली, दोन थेंब बघितले.

"पेट्रोल कधी टाकलं?"

"आत्ताच. फुल."

त्यानं टाकीच्या झाकणाला हात घातला. ते हलेना. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा ते सुटलं आणि टाकीतून आवाज आला, सूंऽऽ असा लांब. कुणी लय वेळ दम कोंडून धरावा आणि मग सोडावा तसा. मी झाडाला धरलं.

मिस्तरीनं झाकण उलटंपालटं करून बघितलं, मधल्या खळग्यात नख घातलं. नखाला लाल लागलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या रिकाम्या कपाळाकडं बघितलं, आणि कुणी लावलं ते विचारलं नाही.

"वहिनी, हितं एवढंसं भोक असतंय," तो म्हणाला. "खाली पेट्रोल उतरायचं तर वरून हवा आत यावी लागती. तुमी तिचं नाक दाबून ठिवलंय. टाकी अर्धी असली की आत थोडी हवा असती, तेवढ्यावर तगती. भरली की लगीच गुदमरती. मग बारीक बारीक हवा शिरली की परत चालू. पिन हाय का?"

मी पदराची पिन काढून दिली. त्यानं भोकात फिरवली, फुंकर मारली. लाल भुगा त्याच्या तळहातावर पडला. पहिल्याच पायडलला गाडी चालू झाली.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"कसला?"

"टाकीतला. टक टक."

"पत्रा आत वढला जातो, त्यो वाजत असंल."

तो जाईल असं वाटलं. पण तो झाडाच्या बुंध्याकडं बघत उभा राहिला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. "त्यांच्या खिशात तुमचे सहा हजार होते. त्या दिवशी द्यायलाच निघाले होते. मी तेराव्याला घातले."

त्यानं पिन पुसून माझ्या हातात दिली.

"मला माहीत हाय," मग म्हणाला. "पंपावरून फोन आला हुता त्यांचा. टाकी फुल केली मिस्तरी, च्या सांग, पैसे घिऊन यायलोय म्हणले. मी दोन च्या सांगितले. एक घंटा वाट बघितली. मग मला वाटलं, फशिवलं. लय शिव्या दिल्या वहिनी, दुकानात बसून. आणि ते हितं..." त्यानं झाडाकडं नुसता हात केला. "मी मातीलासुदिक आलो न्हाई. तोंडच झालं न्हाई. तुमची गाडी दुकानापुढून जायला लागली की मी आत जाऊन बसतो."

मी रोज ट्रकाच्या आड लपत होते आणि तो दुकानात. दोघंही काही हसलो नाही.

"ऱ्हाऊ द्या पैसे," तो म्हणाला.

"न्हाई." माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. "ते माझे म्हणून न्हाई देत मी. ते त्यांचं द्यायचं हाय. तुमी घेतले न्हाई तर ते हितून उठायचे न्हाईत."

त्यानं हो म्हणून मान हलवली.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मी फाट्यावर थांबून दोनशे रुपये देऊ लागले. तो दर वेळी चहा सांगायचा, मी रस्त्याकडं तोंड करून उभ्यानं प्यायचे. पावसाळ्यात काही आठवडे असे आले की भाकरी कमी जायच्या, तेव्हा शंभर दिले, पण चुकवलं नाही.

गाडी आता बंद पडत नव्हती. पिन फिरवल्यावर पहिल्यांदा टाकी फुल केली त्या दिवशी कडुलिंब जवळ येऊ लागला तशी माझी मूठ आपोआप सैल झाली. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. झाड आलं आणि मागं गेलं. आरशात ते बारीक होत गेलं आणि मला वाटलं, मी कुणालातरी तिथं बसवून निघून आले. सेलूपर्यंत डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. झाकणाला मी पुन्हा कुंकू लावलं नाही. करंडा पेटीत आहे, तळाला थोडं उरलं आहे.

शेवटचे दोनशे राहिले त्या दिवशीही मी टाकी फुल केली. कडुलिंबाजवळ आले आणि चावी मीच बंद केली. गाडी स्टँडवर लावली, टोपलं उतरवून सावलीत ठेवलं, बुंध्याला टेकून बसले. कान टाकीकडं होते. लिंबोळ्या पडत होत्या, तेवढाच आवाज. बराच वेळ वाट बघितली. शेवटी मी उठले आणि बोटाच्या पेरानं टाकीवर दोनदा वाजवलं. भरलेल्या टाकीचा आवाज बद्द येतो. तो त्यांनी कधी ऐकला असेल तर एकदाच.

"चला," मी म्हणाले. कुणाला ते मला सांगता येणार नाही.

फाट्यावर मिस्तरी एका गाडीचं चाक काढून बसला होता. मी पदर दातात धरला नव्हता. त्यानं मला बघून दोन चहा सांगितले आणि बाकडं पुसलं. मी बसले. दोनशेच्या नोटेची घडी उलगडून त्याच्या हातात दिली. त्यानं हात पँटीला पुसून ती घेतली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली.

"फिटले वहिनी," तो म्हणाला. "सहाचे सहा हजार. त्यांचं काही द्यायचं राहिलं न्हाई."