बिस्किट अन्नात धरत नाहीत

लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा माझा भाऊ ऊसतोडीला गेला होता, आणि तेवढ्यापायी तिचं जेवण अडलं. आमच्याकडं उष्टावण मामाच्या हातूनच होतं. मामानं चांदीच्या वाटीतून खिरीचा पहिला घास भरवायचा, मग बाळाला बाकीचं सगळं चालू. त्याच्याआधी कुणी काही चारलं तर पोर जन्मभर खादाड होतं म्हणे. पण कारखाना काय उष्टावणासाठी बंद राहतो? भाऊ दिवाळी झाल्या झाल्या टोळीबरोबर गेला, तो उन्हाळ्यातच परतणार होता.

सासूबाई म्हणाल्या, "थांबू की. चार-पाच महिन्यानं काय बिघडतंय? तवर दूध हाय, वरणाचं पानी हाय."

आणि चहात बुडवलेलं बिस्किट होतं. ते रोज, दोन्ही वेळा. मी एकदा सासूबाईंना विचारलं, "आत्या, बिस्किट चालतं, मग भात का न्हाई?" तर त्या हसल्या. "अगं येडे, बिस्किट काय अन्नात धरत्यात व्हय? ते दुकानातलं!" आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा ते पटलं. मीच बशीत बिस्किट कुस्करायचे. लेक गप्प बसायची, मला वाटायचं पोट भरलं. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कर्जतजवळच्या आमच्या घरात खायला काही कमी नव्हतं. दारात शेवगा, पत्र्यावर डांगराचा वेल, खुराड्यात सहा कोंबड्या. आम्ही सगळे पोटभर जेवायचो आणि लेक माझ्या मांडीवर बसून प्रत्येकाच्या हाताकडं बघायची. कुणाचा घास तोंडाकडं गेला की तिचं तोंड आपोआप उघडायचं.

दहाव्या महिन्यात अंगणवाडीत तिला झोळीत घालून काट्याला टांगलं. तिथल्या ताईंनी वही चाळली, पुन्हा काटा पाहिला. "दोन महिन्यांत जराही वाढली नाही. खायला काय देता?" मी म्हणाले, वरणाचं पाणी, बिस्किट. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त लेकीचा दंड दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही धरून बघा." मी धरला. हाताला नुसतं हाड लागलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, आजपासून हिला जेवण भरवणार. नवरा म्हणाला, "आईला इचारून कर काय ते."

"तिची आई मी हाय," मी म्हणाले. "इचारलं मी मला."

मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी टाकली. तिच्यात शेवग्याचा पाला बारीक चिरून घातला, डांगराची फोड घातली, वर तूप. एक अंडं उकडलं. आणि चुलीपाशी लपून नाही, भर दुपारी ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत मांडी घालून बसले.

सासूबाई आतून धावत आल्या. "अगं, मामाच्या आधी! जलमाची वखवखलेली हुईल ती!"

"हुंद्या. वखवखलेली चालंल मला. वाळलेली न्हाई चालायची."

लेकीनं पहिला घास थुंकला, दुसरा तोंडात फिरवला, तिसऱ्याला माझं बोटच चावलं. मला रडू फुटलं, पण हात थांबला नाही. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आठही दिवस ओट्यावरच बसून भरवलं. कधी मेथी, कधी मटकी, कधी दाण्याचं कूट घालून.

उन्हाळ्यात भाऊ आला, चांदीची वाटी घेऊन. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. दारातच उभा राहिला. "ताई, फोन तरी करायचा. एवढा एकच मान हुता माझा. फडावर पाचटाच्या कोपीत बसून रोज ह्येच मनात यायचं, भाचीला पहिला घास मी भरवनार."

ते मला लागलं. त्याच्या हाताला कोयत्याचे घट्टे पडले होते, आणि त्या हातांत त्यानं ती एवढीशी वाटी जपून धरली होती. क्षणभर वाटलं, माफी मागून टाकावी. लेक तेवढ्यात भिंतीला धरून उभी राहिली, गालफडं भरलेली, आणि मामाकडं टकामका बघायला लागली.

"घास तुझा हुता रे बाबा," मी म्हणाले, "पण भूक तिची हुती."

त्यानं वाटी माझ्या हातात दिली. माफी मी मागितली नाही. अजूनही मागणार नाही.