त्याच्या घड्याळाने साडेचार

बांगडे घेताना मी कल्ले उघडून बघते, डोळे बघते, बोटाने दाबूनही बघते. आमच्या मासेवालीला त्याचा इतका राग येतो की टोपली पुढे सरकवतानाच ती म्हणते, "घे बाय, जबाब घे त्याचा." माझे बाबा तिच्याकडून नुसतं "दे गो चार चांगले" म्हणून घेतात आणि त्यांचे चारही ताजे निघतात. हे ती मुद्दाम करते, मला खोटं पाडायला, अशी माझी खात्री आहे.

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. उलट अभिमानच. त्या अभिमानाची सुरुवात झाली मी नऊ वर्षांची असताना.

बाबा तेव्हा बोटीवर होते. मासेमारीच्या नव्हे, देशोदेशी माल नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, खाली इंजिनरूममध्ये. दहा-दहा महिने घरी नसत. त्यांची पत्रं यायची ती गठ्ठ्यानेच. महिनाभर चिटोरंही नाही आणि मग एके दिवशी पोस्टमन वीस-पंचवीस पाकिटं ओटीवर टाकून जायचा. प्रत्येक पत्रावर वेगळी तारीख. एकदा मी ती सगळी ओळीने मांडली, वाकून वाकून बघितली आणि आईला हाक मारली. "आई, शाई एकच आहे बघ. पेन पण एकच. बाबांनी ही सगळी एकाच दिवशी बसून लिहिलीत आणि तारखा मागच्या घातल्यात!"

आई आधी हसली. मग तिने एकेक पत्र उचलून उजेडात धरलं, आणि हसायची थांबली. त्यानंतर गठ्ठा आला की ती म्हणायची, "आली हो एका बैठकीतली." हळूहळू पत्रं कमी झाली, मग बंदच झाली. बंदरातून फोन यायला लागले. "चोरी पकडली ना, म्हणून थांबले," आई म्हणायची आणि माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवायची. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. ही शाईची गोष्ट मी कॉलेजात, नोकरीत, कितीदा सांगितली असेल. लोक हसतात, मलाही बरं वाटतं.

अशा बाईला फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा आवडली नसती तरच नवल. त्या भाषेत एकदा एखाद्या नावाला किंमत दिली की ती पुन्हा बदलत नाही. आपल्या पाठीमागे कोणी गुपचूप हात घालून काही फिरवलं, असं होतच नाही. आणि काहीही चालवण्याआधी ती भाषा प्रत्येकाला उभं करून विचारते, तू नक्की कोण? आकडा की शब्द? यादी की रिकामी यादी? मी म्हटलं, वा! ही तर आपल्याच घरची.

पोटापाण्याचं काम मी रत्नागिरीतूनच करते, भाट्याच्या पुलापासून पाच मिनिटांवर आमचं घर आहे. पण माझा जीव होता तो या भाषेसाठी लिहिलेल्या प्लगिनमध्ये. कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं एक अवजार. तुम्ही ओळ लिहिता लिहिताच ते चुकीखाली लाल रेघ मारतं, एखाद्या नावावर बाण नेला की हे कोण ते सांगतं, ओळी नीट आत-बाहेर लावून देतं. ओपन सोर्स, म्हणजे सगळा कोड उघडा. कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्ती पाठवावी. ती घ्यायची की नाही हे मात्र माझ्या हातात, कारण चाव्या माझ्याकडे. कुठकुठल्या देशांतली माणसं ते वापरतात. ओळखीचं एकही नाही, आणि तक्रारी मात्र घरच्यासारख्या करतात.

दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, टायपिंग अर्ध्यावर आणा, नाहीतर नोकरीही करता येणार नाही. मग मी प्रकल्पाच्या पानावर सरळ लिहून टाकलं, "मला एकटीला झेपत नाही. भरवशाचा दुसरा हात मिळाला नाही तर हे बंद करावं लागेल." लिहिताना रडू आलं. सात वर्षं वाढवलेलं होतं ते.

आणि मग तो आला.

खात्याला फोटो नाही, गाव नाही, नाव म्हणजे नुसती तीन अक्षरं. एका दिवसात त्याने एकवीस दुरुस्त्या पाठवल्या. त्यातल्या काही बगांवर मी महिनोन् महिने डोकं फोडलं होतं. कोड इतका स्वच्छ की कल्ले उघडून बघायला जागा नाही. मी चार प्रश्न विचारले. उत्तर नाही. तीन आठवडे चिडीचूप. मग पुन्हा एका दिवसात अठरा दुरुस्त्या, माझ्या चार प्रश्नांची चार नीट उत्तरं, आणि पुन्हा गायब. असं चार महिने चाललं. वापरणारे लोक लिहायला लागले, "त्याला चाव्या देऊन टाका की." कानामागून आला आणि तिखट झाला!

मी म्हटलं, थांबा. फुकट कोण एवढं राबतं? मी राबते, पण ते माझं आहे. त्या दिवसांत एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी होती. कोणीतरी अशाच एका थकलेल्या माणसाच्या प्रकल्पात वर्षानुवर्षं गोड बोलून मदत केली, चाव्या मिळवल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. थकलेली तर मीही होते. मनगटाला पट्टा बांधून मी त्याच्या कोडची एकेक ओळ चाळत होते आणि काही सापडत नव्हतं, म्हणून संशय आणखी वाढत होता. कुठेतरी पाणी मुरतंय एवढंच वाटत राहिलं.

शेवटी सापडलं ते कोडमध्ये नाही, वेळेत. कोणीही बदल नोंदवला की त्याच्याबरोबर वेळ नोंदली जाते, आणि ती कुठल्या देशाच्या घड्याळाने आहे तेही. मी त्याच्या सगळ्या वेळा काढून एका कागदावर उतरवल्या आणि आपल्या वेळेत बदलून घेतल्या. बघते तर काय, हा माणूस कधी संध्याकाळी पाचला काम करतो, कधी सातला, कधी रात्री नऊला. घड्याळही एक नाही. सुरुवात आपल्याच वेळेने, मग अर्धा तास मागे, दोन-तीन दिवसांनी आणखी एक तास मागे, मग आणखी एक. विमानाने जाणारा माणूस एकदम चार-पाच तास उडी मारतो. असा तासातासाने कोण सरकतो? कोणीच नाही. बसल्या जागी तारखा-वेळा बनवणाराच असं करणार! शिवाय नोंदी रोजच्या, आणि पाठवतो मात्र सगळं एका दिवशी.

शाई एकच, मी मनात म्हटलं. अंगावर काटा आला, आनंदाने.

दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. "तुमच्या वेळा बनावट आहेत. तुम्ही कोण, आणि किती जण आहात? उत्तर येईपर्यंत तुमच्या सगळ्या दुरुस्त्या बंद करत आहे." आणि केल्या बंद. एकामागून एक, घ्यायच्या राहिलेल्या चौदा. कोणीतरी खाली लिहिलं, सावध राहिलात ते उत्तम. मी उत्तराची वाट बघितली. एक दिवस, चार दिवस, आठवडा. उत्तर नाही. म्हटलं, मिळाला कबुलीजबाब.

त्या खुशीत मी बाबांना चहा द्यायला पडवीत गेले. बाबा रिटायर झाल्यापासून दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसतात. "काय गो, आज स्वारी खूश?" म्हणाले. मी कागद आणला आणि माझी सगळी हुशारी पहिल्यापासून सांगितली. बाबांनी चष्मा लावला, कागद घेतला. बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"हे डावीकडचे आकडे कसले?"

"ते त्याने लावलेलं घड्याळ. उजवीकडे मी आपली वेळ काढली आहे."

"आपली कशाला काढलीस? तो आपल्याकडे हाय काय?" बाबांनी उजवी बाजू हाताने झाकली. "आता वाच. तुझ्या घड्याळाने नको गो, त्याच्या घड्याळाने वाच."

मी वाचायला लागले. साडेचार. पावणेपाच. साडेचार. पाच. चार पस्तीस. साडेचार. सगळ्या कागदावर, चार महिन्यांत, साडेचार ते सहा याच्या बाहेर एकही नोंद नव्हती.

"बारा ते चारची पाळी," बाबा म्हणाले. "चारला सुटला, आंघोळ केली, चहा घेतला, साडेचारला बसला. माझी वीस वर्षं तीच पाळी होती. आणि हे तास मागे जातात ना, ती बोट पश्चिमेला चालली. बोर्डावर लिहितात, आज घड्याळ एक तास मागे. सगळे करतात. इथे बघ, दोन दिवस काय नाय. दर्या खवळलेला असणार. इथनं पुढे तास वाढायला लागले, म्हणजे परत फिरली." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "बनावट कसला? बोटीवरचा मानूस हाय तो. नेट नसेल त्याच्या बोटीवर. बंदर लागलं की पाठवतो सगळं."

माझा चहा मी तसाच ठेवला. बोटीवरच्या माणसाची मुलगी मी! पूर्णगडला आमच्या मूळ वाडीत प्रत्येक घरातला एक तरी माणूस बोटीवर. आणि हा कागद मला वाचता आला नाही.

मी आत धावले, चौदाच्या चौदा दुरुस्त्या उघडल्या, तपासल्या आणि घेतल्या. सगळ्यांना दिसेल अशी माफी लिहिली, काहीही आडपडदा न ठेवता. चुकले, माझे वडील तुमच्यासारखेच होते, तरी मला कळलं नाही. चाव्या तुमच्यासाठी तयार आहेत. पण ते त्याला पोहोचणार कसं? तो समुद्रात. बाबा कागदावरून हिशेब करून म्हणाले, "अजून बारा-तेरा दिवस." मी ते दिवस मोजले. मासे घेताना कल्लेसुद्धा बघितले नाहीत, तर मासेवाली घाबरून विचारते, "बाय, बरी हाईस ना?"

तेराव्या नाही, पंधराव्या दिवशी उत्तर आलं. चहाचा कप पुढ्यात ठेवून मी ते बाबांना पडवीतच वाचून दाखवलं, मराठीत करून.

"तुमचे दोन्ही निरोप मला एकाच दिवशी मिळाले. आधी पहिला वाचला. दुसराही वाचला, मनापासून लिहिला आहे हे कळलं. राग नाही. पण चाव्या नकोत. यापुढे मी काहीही पाठवलं की तुम्ही ते दोनदा बघाल, आणि लिहिताना मला वाटत राहील की तुम्ही दोनदा बघणार. साडेचारचा तो दीड तासच मला माझा असतो. तो तसा घालवायचा नाही. पाठवलेलं सगळं तुमचंच आहे, वापरा."

बाबा समोरच्या दगडी गडग्यावर बसलेल्या कावळ्याकडे बघत राहिले.

"बरोबर लिहिलंय त्याने," मग म्हणाले. "मला असं लिहायला जमलं नाय. मी नुसता थांबलो."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"बाबा, तुम्ही ती पत्रं रोज लिहायचात?"

"चहा झाला की. साडेचारला. नंतर नंतर हात चालेना. वाटायचं, हे पण एका बैठकीतलं म्हणणार तुझी आई."

मी म्हटलं, "बाबा, ती शाई आईला मी दाखवली होती."

"म्हायत हाय. तिनेच लिहिलं होतं मला. पोरगी लई हुशार निघाली, तुमची लबाडी पकडली."

"मग तुम्ही आईला खरं सांगितलं का नाहीत? बोटीवर एकच पेन होतं, पोस्ट नव्हतं, एवढंच सांगायचं होतं!"

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "सुट्टीवर आलो तेव्हा. तर तू दारातच धावत आलीस आणि मला सगळं सांगायला लागलीस, कशी शाई बघितली, कसं पेन ओळखलं. एवढी खूश होतीस. म्हटलं, जाऊ दे, नऊ वर्षांची पोर, तिला खोटं कशाला पाडायचं?"

त्यांनी गार झालेला चहा उचलला. घड्याळात साडेचार वाजून गेले होते.