कानसेनचा कान

गॅरेजमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याने मिरवलंही भरपूर. इंजिनाची ताकद वाढवली की ते कधीकधी आतून ठोकायला लागतं. पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आणि ते वेळीच कळलं नाही तर पिस्टन वितळतो. इतर लोक हे कॉम्प्युटरवर बघतात. हा इंजिनाला तांब्याची नळी जोडायचा, तिचं दुसरं टोक रबरी पाइपने हेडफोनसारख्या कानपट्ट्यांत घालायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. डब्यात खडे हलल्यासारखा आवाज आला की हात वर. कॉम्प्युटरला कान कुठे असतात, असं ऐटीत विचारायचा.

पण गेली दोन वर्षं त्या कानांचंच बिनसलं होतं. बारीक, टोकदार आवाज आधी लांब गेले, मग गेलेच. दाराची बेल वाजून वाजून थके आणि बायको म्हणे, कान आहेत की भोकं. हा हसण्यावारी नेई. डॉक्टरचा विषय निघाला की याला नेमकी कामं आठवत. घाबरला होता, दुसरं काही नाही. कान गेला तर आपण उरलो कोण, या प्रश्नाने त्याला आतून पोखरलं होतं.

अशात भाची आली. बहिणीची मुलगी, शर्यतीत गाडी पळवणारी. तिला इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो हवा होता, तोही सगळ्यात मोठा. मामाने तिला समोर बसवून झापलं. टर्बो शेवटी. आधी ब्रेक, कारण थांबता येत नसेल तर पळायची हौस कशाला? मग पेट्रोल पुरवणारा पंप आणि इंजेक्टर, हवा थंड करणारा मोठा कूलर, दणकट क्लच. आणि टर्बोही मधलाच, कारण मोठा गरगरून जागा होईपर्यंत वळण संपलेलं असतं. तिने नाक मुरडलं, पण चार महिन्यांत सगळं मामाच्या शब्दाप्रमाणे केलं. तिचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास होता, आणि तोच त्याला जड जात होता.

शर्यतीला तीन दिवस उरले तेव्हा गाडी जागच्या जागी चाकं पळवून बघायच्या रोलरवर पट्ट्यांनी बांधली. भाची आत, मामा बाहेर कानपट्ट्या चढवून लॅपटॉपपाशी. टर्बोचा दाब तो थोडा थोडा वाढवत गेला. कानात नुसती घरघर. सगळं ठीक आहे अशी खूण करून त्याने आणखी दाब वाढवला. आतून खडखड ऐकू येताच भाचीने ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला आणि ती खाली उतरली. लॅपटॉपवर सेन्सरने पकडलेल्या ठोक्यांच्या लाल रेघा उमटल्या होत्या, त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं.

सेन्सर कशालाही भुलतो, इंजिन बसवायचं नवं माउंटिंग खडखडतंय, असं त्याने ठोकून दिलं. हे कारण पूर्वी कितीदा तरी खरं निघालं होतं, म्हणून ते तोंडात तयारच होतं. तिने पुढे विचारू नये म्हणून तो जरा चिडूनही बोलला. भाचीने वाद घातला नाही. तिने कानपट्ट्या त्याच्या डोक्यावरून काढून स्वतः चढवल्या आणि त्याला लॅपटॉपसकट गाडीत बसवलं.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. तिचा हात लगेच वर गेला. त्याने दाब उतरवला, तरी हात वरच. आणखी उतरवला. काचेतून तिचा पांढरा पडलेला चेहरा त्याला दिसत होता. त्याने धरलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी खाली आल्यावर तो हात एकदाचा उतरला.

तो लॅपटॉप घेऊन बाहेर आला.

"मामा, कधीपासून?" तिने मोठ्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

तिला रडू आलं, पण ती रागावली नाही. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तू पळव गाडी, या कमी दाबावर," तो म्हणाला. "पण या दोन वर्षांत नुसत्या कानावर लावून दिलेल्या तीन गाड्या बाहेर फिरतायत."

टेबलाशी जाऊन त्याने फोनमध्ये तीन नंबर शोधले आणि फोन तिच्यापुढे धरला.

"गाडी बाहेर काढू नका म्हणावं. तूच बोल, मला पलीकडचं नीट ऐकू येत नाही."