तिसरी वस्तू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे—पण मान खाली घालून नाही.

तंजावुरात राजवाड्यामागच्या बोळात आमची एक खोली. आम्ही तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी; घरात मराठी, बाहेर तमिळ. अप्पा लग्नांत स्वयंपाकी. पाचशे पानांचं सांबार, मीठ-चिंचेचं माप सगळं डोक्यात; लिहिता येतच नव्हतं. घरी मात्र लग्नातलं उरलेलं आलं तरच भाताबरोबर भाजी. त्या माणसाने मला बी.एस्सी. केलं. घरातली पहिली पदवी. मला गर्व आहे त्याचा, अजूनही.

मग त्यांचं मीठ चुकायला लागलं. कधी दोनदा पडलं, कधी पडलंच नाही. तमिळमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत यायचं. लोक म्हणाले, वय झालं. आणि मी? मी तर हेच शिकले होते—वयाबरोबर मेंदूतले काही रिसेप्टर कमी होतात. निरोप येतो, पण तो घ्यायला दारात कुणी नसतं. इतकं विसरणं मात्र नुसत्या वयाचं नसतं, हेही शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

आईच्या हट्टाने मी एकटीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. चेन्नईला एम.एस्सी.चा प्रवेश हातात होता, आठवड्याने निघायचं होतं. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी तीन वस्तू सांगितल्या—नारळ, कंदील, छत्री. थोड्या वेळाने त्याच विचारल्या.

अप्पा मराठीत म्हणाले, "नारळ... नि हिचा मामा. त्याचं डोकंही नारळच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगितलं असतं तर? आई एकटी, मी एकुलती एक—चेन्नई तिथेच संपली असती. मी तमिळमध्ये म्हणाले, "तिन्ही बरोबर सांगितल्या." पुढची उत्तरंही मीच बरोबर केली.

"वयाचंच आहे," डॉक्टर म्हणाले.

अप्पांना तमिळ कळत होतं—सगळं. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. "बरं सांगितलंस गे. पण तिसरं काय होतं?"

मी म्हणाले, "चला, बस येईल."

दीड वर्षाने तिरुवैयारुच्या एका लग्नात ते चुलीपुढे उभे राहिले आणि कशाला उभे आहोत ते त्यांना आठवेना. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आधी दिल्या असत्या तरी रोग हटला नसता, हे मला ठाऊक आहे. काही काळ आधार मिळाला असता कदाचित. तो काळ मी घेतला. लहान होते, गरिबी होती—यातलं काही मी पुढे करणार नाही. खोटं बोलले ते माझ्यासाठी.

मला काय म्हणायचं ते म्हणा. पुन्हा तीच खोली, तोच प्रश्न आला तर काय बोलशील, एवढं मात्र विचारू नका—कारण तुम्हाला मी आता खरं उत्तर देईन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

मी कोण, हे अप्पांना आता आठवत नाही. मी एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. तंजावुरातल्या एका कॉलेजात रिसेप्टरचा तोच धडा शिकवते.